हयात माणसाची नोंद

आमच्या वर्तमानपत्रात ‘आजचे स्मरण’ हे सदर चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे तारीखमास्तर म्हणत. आज कोणता कवी जन्मला, कोणता गेला, हे ते रोज छापत आणि खाली ऋतूला धरून स्वतःच्या चार ओळी डकवत. ओळी भिकार असत. मी शेजारच्या टेबलावरचा मुद्रितशोधक, त्यामुळे त्या मला दोनदा वाचाव्या लागत. निधनाच्या बातम्याही मास्तरांच्याच हाताखालून जात. सव्वीस वर्षांत आपली एकही दुरुस्ती छापलेली नाही, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

कोणी कवी अंथरुणाला खिळला की मास्तर त्याच्या नोंदीचं सदरासाठीचं कार्ड आधीच तयार ठेवत, मृत्यूची तारीख अंदाजाने, पेन्सिलीत. “ऐन वेळी धावपळ नको,” म्हणत. माणूस गेला की त्यावर शाई फिरवायची.

एका थंडीत एक म्हातारा कवी दवाखान्यात होता. डॉक्टरांनी दोन दिवसांची मुदत दिली होती. नेमके मास्तरच आठवडाभर तापाने फणफणले. कामावर परतल्यावर त्यांनी कुणालाही न विचारता पेन्सिलीवर शाई फिरवली. कवी तोवर बरा होऊन घरी गेला होता.

पुढच्या वर्षी त्याचा स्मृतिदिन छापून आला. त्याच्या पुढच्या वर्षीही. तिसऱ्या वर्षी कवी मुलीचा हात धरून आमचा जिना चढून आला.

“तो वारलेला मीच,” कात्रण पुढे करत तो म्हणाला.

मास्तरांनी बसा म्हटलं नाही. मी माझी खुर्ची दिली.

“पहिल्या वर्षी हसलो. वाटलं, लोक धावत येतील, निदान फोन करतील. तीन वर्षांत एकानेही चौकशी केली नाही. मी जिवंत आहे, एवढी एक ओळ छापा. बाकी काही नको.”

“या सदरात गेलेल्यांनाच जागा आहे. हयात माणसाची नोंद कुठे करू?”

“मग नाव तरी काढा.”

“काढलं तर लोक विचारतील.”

“विचारणारे लोक असते तर मी हा जिना चढलो असतो का?” कवी म्हणाला. उठता उठता तो थांबला. “आणि त्या चार ओळी माझ्या नावाखाली छापू नका. त्या वाचवत नाहीत.”

हे मात्र मास्तरांना झोंबलं. पुढच्या वर्षी त्यांनी आठ ओळी छापल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी मुलगी एकटीच आली. “बाबा काल सकाळी गेले. बातमी द्याल?”

मास्तरांनी खणातून कार्ड काढून तिच्यापुढे धरलं. “चार वर्षं यांचा स्मृतिदिन छापतोय आम्ही. आता हे पुन्हा वारले म्हणून कसं छापू, बाई? लोक हसतील.”

“निदान पुढच्या वर्षी तारीख तरी खरी लावा.”

“तारखेत माझी चूक होत नाही.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मला सगळं ठाऊक होतं. नोकरी जाण्याचीही भीती नव्हती. मास्तरांशी वाकडं घ्यायचा कंटाळा होता, एवढंच. मी मान खाली घातली. ते आठवलं की अजून माझी मलाच किळस येते.

दोन महिन्यांनी थंडी पडली, तो जुनाच दिवस उजाडायचा होता आणि पान तपासायला माझ्यापुढे आलं. कवीचं नाव बरोबर होतं, काना-मात्रा जागच्या जागी होत्या. मी सही केली आणि पान छपाईला पाठवून दिलं.