मुहय्योच्या हातचं फूल

नुराता गावात सुझानी, म्हणजे लग्नाची रेशमी भरतकामाची चादर, भरण्यात मुहय्योचा हात धरणारी बाई नाही, असं खुद्द मुहय्योचं ठाम मत होतं. ती तसं बोलून दाखवायची, आणि घरातल्या बायका मान डोलवून चहाच्या पेल्यात बघत बसायच्या. सकाळभर बालवाडीच्या स्वयंपाकघरात गाजरं चिरायची आणि घरी येऊन कुणाच्या ना कुणाच्या लग्नाची सुझानी भरायला बसायचं, यात तिची वीस वर्षं गेली. त्यातली पंधरा वर्षं तिला एका चंद्राचे तीन चंद्र दिसत होते. बुबुळावरचा पडदा पातळ होऊन टोकदार झालाय, असं डॉक्टर म्हणाले. चष्मे झाले, टोचणाऱ्या लेन्स झाल्या. शेवटी ताश्कंदला उजव्या डोळ्यात कुणा मेलेल्या माणसाचा पडदा सोळा टाके घालून बसवला. डाव्याची पाळी पुढच्या वर्षी.

पट्टी सुटली की लख्ख दिसेल असं तिला वाटलं होतं. कसलं लख्ख! महिनाभर सगळं घर वाफेत बुडालेलं. मग एक दिवस बरा, दुसरा धुरकट. सकाळी दाराची चौकट वाकडी, दुपारी तीच सरळ. असे पाच महिने गेले, आणि इकडे लेकीचं, नाझोकतचं लग्न दीड महिन्यावर आलं. तिच्या सुझानीचे पाच पट्टे पाच बायकांनी वाटून घेतले होते, शेवटी ते जोडून शिवायचे. मधला पट्टा आईचा. तो मुहय्योनं ऑपरेशनच्या आधीच भरून पेटीत ठेवला होता. वरमाय आधी तोच बघणार, म्हणून तिला भलताच अभिमान.

सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी दोन टाके काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी थेंब घालून तिनं डोळा उघडला आणि किंचाळलीच.

"अगं बाई! जर्दाळूला पानं आहेत! एकेक सुटं पान!"

मग ती घरभर फिरली. चहाच्या सामोवारवरची धूळ दिसली, मोठ्या जावेच्या, तुर्सुनोयच्या हनुवटीवरचा केस दिसला, आणि तो तिनं बोलूनही दाखवला. फिरत फिरत ती पुतण्याच्या लग्नातल्या सुझानीपाशी आली. भिंतीवर तिचा स्वतःचा पट्टा झळकत होता. डाळिंबं कशी गोल, देठ कसे सरळ! फक्त खालच्या कोपऱ्यात एक फूल कोंबडीनं उकरल्यासारखं.

"हे कुणी घुसडलं माझ्या पट्ट्यात? दृष्ट लागू नये म्हणून एक फूल चुकवतात, ठाऊक आहे मला. पण इतकं घाण? ओपा, तुमचंच ना हे?"

ताईच्या मानानं ओपा म्हटलेल्या तुर्सुनोयनं सासूकडे बघितलं. सासू, सोलिहा, उन्हात बसली होती. ती म्हणाली, "तुझं आहे ते."

"माझं? मग बाकीचा पट्टा?"

"माझा."

मुहय्यो हसली. मग कुणीच हसत नाही हे तिच्या लक्षात आलं.

"तू बालवाडीत गेलीस की मी उसवून पुन्हा भरायचे," सासू म्हणाली. "तुझाच दोरा, तुझाच टाका, फक्त जागेवर. एक फूल राहू द्यायचे. रीतही होते, आणि तुझा हातही कापडात राहतो."

"सगळ्या सुझानींत, ओयी?" तिनं सासूला विचारलं.

"अकराच्या अकरा."

"आणि सांगितलं नाहीत? मी गावभर नाक वर करून फिरले, आणि तुम्ही सगळ्या..."

"काय सांगायचं?" तुर्सुनोय म्हणाली. "नवरा तुझा कामाला रशियात, डोळे असे. एवढी एकच ऐट होती बाई तुझी."

पंधरा वर्षांत आपल्या हातून अकराच फुलं झाली, आणि तीही चुकीची म्हणून ठेवलेली! आणि मग तिची नजर पेटीकडे गेली.

"ओयी, नाझोकतचा पट्टा?"

सासूनं आपले दोन्ही हात पुढे केले. ते थरथरत होते. "यंदा नाही जमलं गं. तो सगळा तुझाच आहे."

पेटी उघडली. मुहय्योनं पट्टा उन्हात पसरला. खडूची रेघ एकीकडे, रेशीम दुसरीकडे. पाकळ्या एकमेकींवर चढलेल्या, देठ फुलाला सोडून भलतीकडे निघालेले. एक डाळिंब धड नव्हतं. हे वरमायेपुढे अंथरायचं होतं.

"राहू दे ना, अया," नाझोकत आईला म्हणाली. "मला असंच चालेल."

"मला नाही चालणार."

ती कात्री घेऊन बसली. वाकायचं नाही, अर्ध्या तासाच्या वर सुई धरायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून तुर्सुनोयनं पट्टा तिच्या डोळ्यांसमोर दोन्ही हातांनी ताणून धरला. पहिलं फूल उसवलं तेव्हा मुहय्यो रडली नाही, सुटलेला दोरा तिनं गुंडाळून बाजूला ठेवला.

"सगळी नको उसवू," सासू म्हणाली. "दृष्टीचं एक ठेव. कुठलं ठेवतेस?"

मुहय्योनं नवा डोळा तळहातानं अलगद झाकला. जुन्या डोळ्यानं तिनं पट्टा वरपासून खालपर्यंत बघितला, आणि त्या डोळ्याला जे सगळ्यांत सुंदर दिसलं त्या फुलावर बोट ठेवलं.

"हे," ती म्हणाली.