संत्र्याचा नवस

आमच्या घरात कोणी कधी गरम भाजी खाल्लीच असेल, तर ती बाबा कामावर असताना. बाबा ताटावर बसले की आधी प्रार्थना, आणि ती काही लवकर आटपायची नाही. भाकरीसाठी उपकार, वरणासाठी उपकार, भाकरी थापणाऱ्या हातांसाठी उपकार. मग पाऊस, काळी जमीन, जळण आणून देणारी म्हातारी. मी एक डोळा किलकिला करून वांग्याच्या भाजीकडे बघत बसायची. आई मांडीला चिमटा काढायची. तिचेही डोळे मिटलेले असायचे, तरी तिला माझा उघडा डोळा कसा दिसायचा, देव जाणे.

बाबा अकोल्याच्या एका जिनिंग कारखान्यात फिटर होते. सहा दिवस यंत्रांचा खडखडाट आणि रविवारी ढोलकी. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. तिथे भजन बाबांनी उचलायचं आणि मग बाकीच्यांनी गायचं, अशी रीत पडून गेली होती. सतरंज्या अंथरलेल्या असत, डावीकडे बाया, उजवीकडे पुरुष. मधली वाट ओलांडून इकडचं माणूस तिकडे बसल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. बाबांचा आवाज मात्र बिनदिक्कत ओलांडून यायचा. देव ऐकत असलाच तर हाच आवाज ऐकत असेल, असं मला वाटायचं.

पन्नासच्या दशकाचा शेवट असेल, मी अकरा वर्षांची होते. दिवाळीच्या सुमारास बाबांना मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, झाला. ताप काही उतरेना. बाबा बरळायला लागले, आई पेजेची वाटी घेऊन नुसती बसून राहायची. मी अंगणात रडत बसले होते, तेव्हा शेजारच्या काकू आल्या. त्यांचे यजमान घरोघर पूजा सांगायचे. काकू भारी मायाळू, पण बोलणं फटकळ.

"अवं, रडून काय व्हते? तुमच्या देवाले नवस बोल! आवडीचं काही सोड. आयकते देव."

आमच्यात नवस बोलत नाहीत हे मला माहीत होतं. पण त्या वेळी आमच्यात-तुमच्यात बघायला सवड कोणाला होती? आवडीचं म्हणजे संत्रं. अचलपूरला आत्याची बाग होती, दर बहाराला तिची टोपली एस.टी.च्या टपावरून यायची, आणि मी पोट दुखेस्तोवर खायची. मी घरामागे गेले, हात जोडले आणि म्हटलं, "बाबा वाचले तर जन्मभर संत्रं खाणार नाही. आमेन."

बाबा वाचले. ताप उतरला त्या दिवशी आईने शिरा केला, काकूंनाही दिला. मी तर देवावर इतकी खूश होते की विचारू नका. मग आईने बाबांना मागून हाक मारली. बाबांनी वळून पाहिलं नाही. तिने पुन्हा मारली, मोठ्याने. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. ताप गेला होता, पण जाताना दोन्ही कान घेऊन गेला होता.

माझा जळफळाट झाला. मी अख्खं संत्रं सोडलं आणि देवाने बाबा अर्धेच परत दिले? हा कुठला न्याय? प्रार्थनेच्या वेळी मी आता दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवायला लागले. बाबा मात्र आपले उपकार मानतच होते, उलट ऐकू येत नाही म्हणून आणखी मोठ्याने. त्याचा मला आणखी संताप यायचा. कशाचे उपकार?

अंगात ताकद आल्यावर बाबा देवळात गेले आणि नेहमीसारखं भजन उचललं. पहिलं कडवं निभावलं. दुसऱ्यात लोक पुढे गेले, बाबा मागे राहिले. सगळे थांबले तरी ते डोळे मिटून एकटेच गात होते. कोणाचं तरी लहान पोर खुदकन हसलं. बाबांनी डोळे उघडले, सगळ्यांची मिटलेली तोंडं पाहिली आणि ढोलकी अलगद बाजूला ठेवली.

"आता दुसरं कोनी उचला," घरी येऊन ते म्हणाले. "मले लोकायले घोयात नाही पाडायचं."

त्यानंतर ते दाराजवळ, सगळ्यांच्या मागे बसायला लागले. ओठ गच्च मिटलेले. घरीही प्रार्थना आखडली. "उपकार. आमेन." झालं! भाजी वाफाळत समोर, आणि मी ती ताटातच निवू द्यायची. मला बाबांची लांबलचक प्रार्थना परत हवी होती.

नाताळ आला. देऊळ गच्च भरलं. ढोलकीवर दुसराच तरुण होता. मी आईजवळून मान वळवून पाहिलं, तर बाबांची बोटं गुडघ्यावर ताल शोधत होती. सापडेना, मग थांबायची. मला बघवेना. मी उठले. आईने फ्रॉक धरला, तो सोडवला, वाट ओलांडली आणि पुरुषांच्या सतरंजीवर बाबांना खेटून बसले. सगळे बघत होते, पुढे उपासना चालवणारे पाळकसाहेबसुद्धा. बघोत! मी बाबांचा हात मांडीवर उताणा घेतला आणि तळहातावर बोटांनी ताल धरला.

बाबा दचकले. दुसऱ्या कडव्याला त्यांचे ओठ हलले, तिसऱ्याला आवाज फुटला. तो थोडा मागेच होता. ढोलकीवाल्याने आमच्याकडे पाहिलं आणि ठेका संथ केला. मग अख्खं देऊळ बाबांसाठी संथ झालं. त्या वेळी मी देवाकडे काही मागत नव्हते, त्याच्याशी भांडतही नव्हते. तो इथेच आहे, एवढं मला आतून कळलं आणि मी रडायला लागले.

घरी आलो तर आत्याची टोपली आलेली. बाबांनी संत्रं सोललं आणि पहिली फोड माझ्यापुढे धरली. मी मान हलवली. आईने खोदून खोदून विचारलं, तेव्हा हुंदके देत सगळं सांगितलं. आता बहिऱ्या माणसाला हे कळवायचं कसं? आईने माझ्याकडे बोट केलं, संत्र्याकडे केलं, वर बघून हात जोडले, मग बाबांच्या छातीला बोट लावलं. बाबांना समजायला वेळ लागला. समजलं तसे ते खोकला येईपर्यंत हसले.

"येडी पोरगी! देवाशी सौदा करते का कोनी? संत्र्याच्या बदल्यात बाप भेटते व्हय? मी तुले फुकट भेटलो, बाप्पा, फुकट!" आणि फोड माझ्या तोंडात कोंबली.

साठच्या दशकात लग्न होऊन अमरावतीला जाईपर्यंत मी दर रविवारी पुरुषांच्या सतरंजीवर बसले. कोणी हटकलं नाही. दृढीकरणाच्या, म्हणजे देवळाचं पक्कं सभासद करून घेण्याच्या आधी पाळकसाहेबांनी विचारलं, कृपा म्हणजे काय? पाठ केलेलं उत्तर आयत्या वेळी आठवेना. मी म्हटलं, "बाबा मला फुकट मिळालेत, ती." पाळकसाहेबांनी वहीत माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली.

त्या नाताळच्या दुपारी आम्ही ताटावर बसलो. मटणाचा रस्सा वाफाळत होता. बाबांनी हात जोडले. भाकरीसाठी उपकार, थापणाऱ्या हातांसाठी उपकार. अचलपूरची झाडं, टोपली आणणारी एस.टी., ठेका संथ करणारा तो पोरगा. आणि या पोरीच्या बोटांसाठी, प्रभू, उपकार. मग पाऊस, काळी जमीन, जळणवाली म्हातारी. रस्सा पार थंडगार झाला. माझे दोन्ही डोळे मिटलेले होते.