सागरमहालातलं पान

म्हसळा सोडलं की रस्ता सड्यावर (खडकाळ माळावर) चढतो. इथल्या बॉक्साइटच्या खाणी बंद होऊन पंचवीसेक वर्षं झाली. त्यांच्या लाल खड्ड्यांत आता म्हशी डुंबतात. एके काळी ट्रकांची रांग इथून थेट बंदरापर्यंत लागायची. आता बाजार निम्मा बंद, आणि टोकाला तो दुमजली ‘सागरमहाल’ लॉज.

रिक्षावाले इब्राहिमभाई म्हणाले, “वरच्या मजल्यावर राहू नका. तिकडे खाणीचा एक सुपरवायझर आहे, बुडून मेलेला. पण शरीफ आहे बिचारा. नुसता जेवतो.”

“मांजर जेवत असेल.”

“मांजर जेवून पान दुमडतं का, साहेब?”

मला हसू आलं नाही. तो सुपरवायझर मीच.

खाण बंद होणार नाही, असं मी लॉजच्या मालकीण शेवंतीकाकींना छातीठोक सांगितलं होतं. ठाऊक काहीच नव्हतं. मोठेपणा मिरवायचा होता. त्या भरवशावर त्यांनी दागिने मोडून वरचा मजला चढवला. खाण बंद पडली तेव्हा म्हणाल्या, “दर्यात जाऊन जीव दे.” पहाटे मी एका परगावच्या होडीने निघालो. पाण्यातून चढायचं म्हणून काढलेले बूट खडकावरच राहिले. पुढे अलिबागला कळलं, गावाने मला मेला मानलंय. मी गप्प बसलो. मेलेल्याला कोणी जाब विचारत नाही.

काकी आता वाकल्यात. माझं टक्कल, चष्मा. त्यांनी ओळखलं नाही. अवस होती. दुपारी केळीच्या पानावर भात, आंबट वरण, सुकट वाढून त्या जिन्याला लागल्या. मी पान धरलं, मागोमाग गेलो. बंद खोलीपुढे ते माझ्याकडून घेऊन ठेवत त्या पुटपुटल्या, “जेव रे मधू. माज्याच तोंडाचा शाप लागला तुला.”

इतकी वर्षं मला वाटत होतं, त्या मला शिव्या देत असतील.

“काकी, मीच मधू. बुडलो नाही. पळालो.”

त्यांनी माझा चष्मा काढायला लावला. बराच वेळ बघितलं. मग पायरीवर बसून रडल्या, आणि रडतारडताच अस्सल शिव्या घातल्या. त्या मी मान खाली घालून घेतल्या.

“मेला न्हायस ना?” शेवटी म्हणाल्या. “मग बस. गार होतंय.”

जेवलो. पान मीच दुमडलं.

परतताना इब्राहिमभाईंनी विचारलं, “दिसला का?”

“दिसला. म्हातारा झालाय,” म्हणालो, आणि म्हसळ्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

माझ्या कबुलीने वरच्या मजल्याच्या त्या खोल्या भरणार नाहीत, हे कळतं मला. पण पुढच्या अवसेला जायचंय. निघताना काकी म्हणाल्या, “वाढायची सवय लागलीय. आता कुणाला वाढू?”