गेंड्याची पावली

कमळीच्या गळ्यातला काळा दोरा धुणं धुताना तुटला आणि त्यातली पावली कुंडलिका नदीत पडली, तेव्हापासून मंगळ्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. पंचवीस पैशांची, गेंड्याच्या चित्राची पावली. बाजारात तिला कुत्रंसुद्धा विचारत नाही. पण सरकारने पावली बंद केली त्याच साली या दोघांना पहिली पोर झाली, आणि ही पावली भोक पाडून तिच्या करगोट्यात बांधली. पोर वर्षाची व्हायच्या आत तापाने गेली. तिचा ना फोटो राहिला, ना झबलं. राहिली ती पावली, आईच्या गळ्यात.

आणि पाण्यातून नाणं काढायचं तर रोह्यात मंगळ्याच! कातकरीवाडीतला गडी, हिवाळा-उन्हाळा वडखळकडच्या वीटभट्टीवर आणि घरी असला की पुलाखाली. लोक गाडीतून हात जोडून नदीत पैसे टाकतात. हा फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधून तळ खरवडतो. स्टीलची नाणी टपकन चिकटतात. जुना जाड पाच रुपयांचा ठोकळा चिकटत नाही, तो तांबं-निकेलचा. तो पायाच्या बोटांनी चाचपून काढायचा. गेंड्याची पावली स्टीलची, म्हणजे हातची होती. पण इतकी वर्षं वर आलेल्या पावल्या यानेच शिव्या हासडत परत पाण्यात भिरकावल्या होत्या. आता त्याच एकामागून एक वर येत होत्या, आणि एकीलाही भोक नव्हतं.

वरच्या वीजघरातून रोज पाणी सुटायचं आणि तळातला गाळ हलायचा. काल इथे होती ती आज कुठे असेल, या विचाराने त्याला भाकर गोड लागेना. बसला की उठायचा, उठला की नदीवर. कमळी भांडली असती तरी बरं झालं असतं. ती नुसती गळ्याशी हात न्यायची आणि रिकामाच खाली आणायची. ते बघवत नव्हतं.

शेवटी तो एझ्राकाकांकडे गेला. रोह्यातल्या बेने इस्रायल ज्यूंपैकी मागे राहिलेला हा म्हातारा. बाकीचा गोतावळा कधीच इस्रायलला गेला. नाण्यांचा नाद मोठा. सालाखाली चांदणी असली तर हैदराबादच्या टांकसाळीचं नाणं, चौकट मुंबईची, ठिपका नोएडाचा आणि काहीच नसलं तर कलकत्त्याचं, हे मंगळ्याला त्यांनीच शिकवलेलं. कमळीच्या पावलीवर चांदणी होती. वाचता येत नसलं तरी तेवढी खूण तिला पक्की ठाऊक होती.

मंगळ्याने अडखळत सगळं सांगितलं. डबे धुंडाळून काकांनी चांदणीची गेंडा-पावली काढली आणि मंगळ्याच्या मुठीत दाबली. एवढंच म्हणाले, खोटं बोलायचं असेल तर नीट बोल.

ग्रिलवाल्याकडे ड्रिलने भोक पाडून घेतलं. मातीत घोळली, राखेने घासली. मग घर गाठलं. सापडली गो, म्हणत त्याने ती पुढे केली आणि नजर चुकवून चुलीकडे बघत राहिला.

कमळीने गेंडा पाहिला. चांदणी पाहिली. मग भोकावरून अंगठा फिरवला आणि तिथेच थांबली. मंगळ्या समजला. स्टील कडक, ड्रिलने भोकाच्या कडेला धार येते; जुन्या पावलीला ती नव्हती. आपण पोरीच्या नावाने हिला फसवायला निघालो, या लाजेने त्याला तिथून पळून जावंसं वाटलं.

पण कमळी उठली. दारातल्या पाट्यावर पाण्याचा शिपका मारला, फतकल मारून बसली आणि पावलीच्या भोकाची कड हळूहळू घासायला लागली. मधेच अंगठा फिरवून बघायची, परत घासायची.

"काय करतंस गो?" त्याने कसंबसं विचारलं.

"तवाबी अशीच घासली व्हती," मान वर न करता ती म्हणाली. "पोरीच्या कमरेला टोचत व्हती ना."