कन्हानच्या रेतीत शिकलो, पुरीच्या रेतीत फसलो

माझा पुतण्या आणि त्याचे मित्र यंदा रेतीत चालवायच्या खास उंच गाड्या घेऊन समुद्रकिनाऱ्याला निघालेत. "काका, तुम्ही तं केलं आहे न हे सारं. काही सांगा न आमाले," म्हणाला. सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे. पण ती एका ओळीत सांगितली तर हे पोट्टे हसतील, म्हणून सगळंच लिहितो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी महाल नावाच्या मोहल्ल्यात राहायचो आणि सुधाकर लकडगंजात. त्याच्या घरचा लाकडाचा टाल, म्हणजे वखार, होता. दोघंही पंचविशीच्या आतले आणि समुद्र दोघांनीही फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. एका संध्याकाळी टालावर चहा पिताना सुधाकर म्हणाला, "मुंबईचा समुद्र तं सारेच पाहून येतात बे. आपण पुरीले जाऊ. गाड्यांवर. अन् तिथून काठाकाठानं कोणार्क." किनाऱ्याने तेव्हा पक्का रस्ता नव्हता. होती ती नुसती रेती. आणि रेती म्हटल्यावर बंडूशिवाय दुसरं कोण आठवणार?

बंडू मौद्याचा. त्याच्या घरची कन्हानच्या पात्रात डांगरवाडी असायची, म्हणजे नदीचं पाणी ओसरलं की उघड्या रेतीत टरबुजांचे वेल लावायचे. आम्हाला रेतीत गाडी हाकायला त्यानेच शिकवलं. त्याची स्वतःची गाडी लष्कराने मोडीत काढलेली, त्याने एकेक सुटा भाग शोधून उभी केलेली. त्या गाडीवरच त्याची नोकरी ठरली होती. बियाण्यांच्या कंपनीत फिरता विक्रेता, आणि अट एकच: मोटारसायकल स्वतःची हवी आणि चालती हवी. आम्ही परत आलो की तो रुजू होणार होता. गाडीला काही झालं तर नोकरी गेली, इतका सरळ हिशेब. तरी गडी तयार झाला. "एकदा कामाले लागलो का मंग कुठचा समुद्र गा," म्हणाला.

संक्रांत नुकतीच झाली होती. पहाटेच्या थंडीत मी माझी राजदूत आणि सुधाकर त्याची बुलेट घेऊन मौद्याला पोचलो. बंडूच्या मायने दशम्या, जवसाची चटणी आणि तिळाचे लाडू बांधून ठेवले होते. निघताना तिने तिघांनाही उभं करून बजावलं, "कोरड्या रेतीतून जा. ओल्या रेतीवर पाय नका ठेवू. ते गिळते." त्यांचा एक बैल कन्हानच्या ओल्या रेतीत फसून गेला होता, तेव्हापासून ती हे येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगायची. आम्ही माना डोलावल्या आणि किका मारल्या.

रस्त्याचं थोडक्यात सांगतो. भंडाऱ्यापर्यंत घरचंच अंगण. देवरीच्या पुढे जंगल लागतं. तिथे अंधार पडायच्या आत पार व्हावं. रायपूरला धर्मशाळा स्वस्त आणि स्वच्छ मिळाली, ढेकूण सोडले तर. संबलपूरच्या पुढे पेट्रोल पंप विरळ, म्हणून सुधाकरने डबा भरून घेतला होता, आणि त्या वासामुळे त्याच्या सामानातल्या दशम्या कोणी खाल्ल्या नाहीत. त्या त्याने एकट्याने संपवल्या. खाण्याची आबाळ झाली नाही. भात आणि डालमा, म्हणजे तिकडची भाज्या घातलेली डाळ, जागोजागी मिळायचा, आणि शेवटी ताटात काहीतरी गोड पडायचंच. पाठी मात्र अशा भरून आल्या की मुक्कामी गाडीवरून उतरायचं म्हणजे नवस फेडल्यासारखं वाटायचं.

पुरीला पोचलो आणि गल्लीच्या टोकाला अचानक घरं संपली. पुढे काहीच नव्हतं. म्हणजे सगळा तोच होता. मी गाडी बंद केली, तरी आवाज बंद होईना. तेव्हा कळलं की तो आवाज आपल्या गाडीचा नव्हेच.  बंडू म्हणाला, "याले पल्याडचा काठ नाही गा." यापेक्षा चांगलं वर्णन मला आजही करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणार्कच्या दिशेने निघालो. मायची आज्ञा पाळून बंडू पुढे आणि थेट कोरड्या, वरच्या रेतीतून. गाड्या आसापर्यंत रुतायला लागल्या. चालवण्यापेक्षा ढकलणंच जास्त झालं. क्लचचा वास नाकात, घाम डोळ्यांत. आणि आमच्या खालून, पाण्याला जवळजवळ चिकटून, एक कोळी मागे माशांची टोपली बांधून सायकलवर आरामात शीळ घालत गेला.

"बंडू," सुधाकर धापा टाकत म्हणाला, "तो काहून नाई फसून राहिला?"

बंडूने खाली जाऊन ओल्या रेतीवर टाच मारून पाहिली. मग उडी मारून पाहिली. "सिमेंटवानी हाय बे!" तो ओरडला.

त्यानंतर जे झालं त्यासाठी तरी प्रत्येकाने एकदा जावं. डावीकडे सुरूचं हिरवं बन, उजवीकडे पांढरा फेस आणि मधे मैलोन्मैल चकचकीत ओला पट्टा, ज्यावर आमच्याआधी कुणाच्याही चाकाची खूण नाही. हँडल सोडलं तरी गाडी सरळ जायची. लाल खेकड्यांची फौजच्या फौज आमची चाहूल लागताच बिळांत गडप व्हायची. मी मोठमोठ्याने ओरडत होतो, काय ते आठवत नाही. इतका आनंद मला पुढे लग्नातही झाला नाही, आणि हे आमच्या हिला माहीत आहे.

दुपारी एका छोट्या नदीच्या मुखाशी थांबलो. मी आणि सुधाकरने गाड्या जरा वर लावल्या. बंडूने त्याची अगदी पाण्यासमोर, तोंड समुद्राकडे करून उभी केली. "गाडीलेई पाहू दे," म्हणाला. मग सुरूच्या सावलीत लाडू खाल्ले आणि आडवे झालो.

भरती-ओहोटी आम्ही शाळेत शिकलो होतो. चंद्राचं चित्र काढून त्याला बाण दाखवले होते, गुणही मिळाले होते. पण नदीकाठचा माणूस पाणी वाढलं की वर आभाळाकडे बघतो, आणि आभाळ निरभ्र होतं. पाणी जिथे आहे तिथेच राहणार, असं आम्ही तिघांनीही मनोमन धरून टाकलेलं.

जाग आली ती सुधाकरच्या ओरडण्याने. बंडूच्या गाडीभोवती फेस होता. आम्ही धावेपर्यंत ती कलंडली. एक लाट आली की टाकी बुडायची, लाट मागे सरली की चाकाखालची रेती घेऊन जायची. सिमेंटवानी असलेली ती रेती आता खीर झाली होती. आम्ही तिघांनी जीव खाऊन ओढलं. गाडी आणखीच खाली गेली.  बंडूने हँडल दोन्ही हातांनी असं धरलं होतं की वाटलं, गाडी गेली तर हा तिच्याबरोबर जाईल. मला तेव्हा खरोखर भीती वाटली.

तेवढ्यात पलीकडे होडी ओढून घेणारे कोळी काथ्याचा दोर घेऊन पळत आले. बंडू एकदम भानावर आला. "फांद्या आणा! सुरूच्या फांद्या!" डांगरवाडीत बैलबंडी फसली की चाकाखाली कपाशीच्या पऱ्हाट्या घालायच्या, तसं. मी आणि सुधाकरने हाताला लागतील त्या फांद्या मोडून आणल्या, त्याने त्या चाकांखाली कोंबल्या, कोळ्यांनी दोर बांधला आणि होडी ओढताना म्हणतात ती आरोळी सुरू केली. शब्द एकही कळत नव्हता, पण ओढायचं केव्हा ते कळत होतं. गाडी निघाली.

निघाली, पण इंजिनात समुद्र भरलेला. "खारं पानी सुकलं का सारं गंजून जाते," बंडू म्हणाला. "गोड्या पान्यानं आत्ताच धुतली पाह्यजे." गोडं पाणी कुठून आणायचं? इथे सुधाकरचा टाल कामी आला. त्यांच्याकडे तेलुगू मजूर असायचे, आणि हे कोळीही तेलुगूच बोलत होते. त्याला येत होते ते दोन शब्द त्याने म्हटले, "मंची नीळ्ळु." चांगलं पाणी. एका म्हाताऱ्या कोळणीने लगबगीने लोटा आणला. सुधाकरने गाडीकडे बोट दाखवलं. ती आधी हसली, मग तिने बंडूचा चेहरा पाहिला आणि वस्तीकडे तोंड करून हाक मारली.

बायका घागरी घेऊन आल्या. त्यांची विहीर बनाच्या पार पलीकडे होती, हे आम्हाला नंतर कळलं. पिण्याचं, डोक्यावरून आणलेलं पाणी त्या एकेक करून अनोळखी माणसाच्या मोटारसायकलवर ओतत होत्या. समुद्रानेही मी इतका थक्क झालो नव्हतो. बंडूने प्लग काढला, कार्ब्युरेटर खोलला, तेल काढून आमच्याजवळचं नवं भरलं आणि सगळं त्यांच्याच एका झोपडीत पसरून ठेवलं.

सकाळी ऊन चढल्यावर त्याने किका मारायला सुरुवात केली. वस्ती गोळा झाली होती. गाडी खोकायची आणि मरायची. बंडू दमून थांबला, तेव्हा सुधाकर पुढे झाला, पण बंडूने त्याला हातानेच थांबवलं. आणखी एक किक, आणि धुराचा लोट निघाला. पोरं नाचायला लागली. समोर पाणी पुन्हा खाली सरकलं होतं, रेती कालच्यासारखीच चकचकीत. बंडू तिकडे बघत म्हणाला, "पाह्य, घेऊन गेला होता अन् देऊन वापस गेला. आपली कन्हान असं कधीच करत नाही."

कोळ्यांनी होडीतून नदीपार केलं आणि कोणार्कला पोचलो. दगडाची ती प्रचंड चाकं पाहून मान दुखली. बंडूने आऱ्यांवरून हात फिरवत विचारलं, "चाकं मस्त हायेत, पण इंजिन कुठी हाय?" त्या वेळी तो पुन्हा हसला, म्हणून ते मंदिर माझ्या लक्षात आहे.

परतताना मौद्याला माय दारातच होती. "ओल्या रेतीवर तं नाई न गेले?" आम्ही तिघंही गाड्यांवरचं सामान सोडायला लागलो. तिने गाडी न्याहाळली. सीटच्या आतल्या काथ्यात शिरलेलं पाणी वाटभर पाझरत आलं होतं आणि शिवणींवर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. तिने बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"मीठ हाय हे."

बंडू घाईघाईने फडकं घेऊन पुसायला धावला. तिने त्याचा हात धरला. "राहू दे गा. मले कोण नेते तिकडे?"

बंडू त्याच गाडीवर रुजू झाला. आणि पुढच्या हिवाळ्यात, पहिली लांब रजा मिळाल्याबरोबर, त्याने मायला रेल्वेने पुरीला नेलं. ती म्हणे बराच वेळ कोरड्या रेतीतच उभी होती. मग वहाणा हातात घेऊन आपली आपणच खाली उतरली आणि पाणी पायावरून येऊन परत जाईपर्यंत हलली नाही.

आल्यावर आम्ही तिला भेटायला गेलो. तिने आम्हाला पुन्हा तिघांना एका ओळीत उभं केलं आणि नवी आज्ञा दिली. तीच पुतण्याला देतो आहे. "ओल्या रेतीवरून जा खुशाल. पण तिथे गाडी उभी करून झोपू नका रे पोट्टेहो. तो येते."