लाल पुरचुंडीतला रुपया

बावीस वर्षं मी घाटकोपरच्या एका पतपेढीत कॅशला बसते. माझ्या हातून खोटी नोट पुढे गेलेली नाही, एकसुद्धा नाही. बोटांनाच कळतं. समोर नगरसेवकाचा माणूस असो नाहीतर भाजीवाली मावशी, शंका आली की मी नोट उजेडात धरणार म्हणजे धरणारच. लोक चिडतात. "काय मॅडम, आम्ही काय घरी छापतो काय?" मी म्हणते, "तसं नाही हो, पण काउंटरवर सगळे सारखे." या वाक्यावरून ऑफिसात माझी नक्कल करतात. करू देत.

तर अशी मी. आणि मला माझ्या सख्ख्या भावाने गंडवलं.

गणपती होऊन गेल्यावर आमच्या मॅनेजरने आम्हा तिघा कॅशवाल्यांना साकीनाक्याला एक छोटं संग्रहालय बघायला पाठवलं. खऱ्या आणि खोट्या पैशांचं. मी मनात म्हटलं, काय डोंबल बघायचं, अर्धी सुट्टी मिळतेय तर जाऊ. एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. खाली लेथ मशीन चालू, जिन्यात ऑइलचा वास, आणि वर काचेची कपाटं. ज्यांनी हे सगळं जमवलं ते काका आयुष्यभर त्याच गाळ्यात डाय, म्हणजे धातूचे साचे, बनवत होते. साच्यातला माणूस असल्यामुळे खोटं नाणं बघितलं की ते कसं बनवलं असेल याचीच त्यांना जास्त मजा वाटायची. पैसे मिळतील तेव्हा एकेक करून त्यांनी ती विकत घेतली होती. बायको म्हणे वैतागायची, खरे पैसे देऊन खोटे घरी आणतो म्हणून.

कपाटात सगळ्या जोड्या होत्या. एक खरं, एक खोटं, आणि खाली पुठ्ठ्याची झडप. आधी ओळखायचं, मग झडप उचलून बघायचं. नोटांच्या जोड्या मी पटापट ओळखल्या. एकही चुकली नाही. आमच्यातला एकजण म्हणाला, "ताईंना घेऊन येऊ नका, म्युझियम बंद पडेल." नाण्यांवर मात्र माझी वाट लागली. सहातल्या चार चुकल्या.

काका खूश झाले. म्हणाले, "नाण्याला डोळे फसतात. कानाने बघायचं." त्यांनी एक जुना चांदीचा रुपया काळ्या दगडाच्या लादीवर टाकला. असा लांब नाद निघाला की खालच्या लेथच्या आवाजातही तो ऐकू येत राहिला. मला एकदम आई आठवली.

आमच्या आईकडे असाच एक रुपया होता, राजाच्या तोंडाचा, तिच्या सासूने दिलेला. घाटकोपरच्या चाळीतली आमची खोली, बाबा गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन. घरात चांदी म्हणून तेवढीच. वर्षभर तो लाल कापडाच्या पुरचुंडीत, देव्हाऱ्याच्या मागे. लक्ष्मीपूजनाला आई तो बाहेर काढायची, आणि पूजेत मांडायच्या आधी पाट्यावर एकदा टाकायची. आम्ही दोघं भावंडं गप्प बसून ऐकायचो. आवाज पूर्ण विरला की आई मालवणीत म्हणायची, "आयकलास? लक्ष्मी बोलली." मग फराळाला हात लावायचा. त्या रुपयावर इतक्या वर्षांचं कुंकू बसलं होतं की राजाच्या दाढीच्या खाचा लाल झाल्या होत्या.

आई गेली. वर्षश्राद्ध झालं, आणि चाळीच्या जागी टॉवर उभा राहणार म्हणून कागदपत्रं निघाली. दादा मुलुंडला माझ्या घरी आला. दादा एरवी मला नावाने हाक मारतो. काही हवं असलं की 'बाय' म्हणतो, आई म्हणायची तसं. त्या दिवशी चहा यायच्या आधीच चारदा बाय म्हणून झालं होतं. हक्कसोडपत्रावर माझी सही हवी होती. नवरा म्हणाला, विचार कर, घाटकोपरला घर आहे, चेष्टा नाही. मी म्हटलं, विचार कसला करायचा? सख्ख्या भावाशी हिश्शाचं भांडण करू? उद्या माहेर म्हणून कुठल्या दारात जाऊ? बायका अशाच सह्या करतात. मीही केली, आणि वर मोठेपणाने म्हणाले, "दादा, मला काही नको. फक्त आईचा रुपया दे."

रजिस्ट्रेशन झाल्यावर ऑफिसच्या बाहेर, उसाच्या रसाच्या गाडीपाशी, त्याने मला लाल पुरचुंडी दिली. कापड तेच, गाठ तशीच. त्याचे डोळे भरले होते. माझे तर वाहतच होते. मी ती कपाळाला लावली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. लक्ष्मीपूजनालाच उघडायची असं ठरवलं. आमच्या काउंटरवर पाटी आहे, खिडकी सोडण्यापूर्वी रक्कम तपासून घ्यावी. बँकेतून आलेलं सीलबंद बंडलसुद्धा मी दोनदा मोजते. पण भावाने दिलेलं उघडून बघायचं? शी! मनातसुद्धा आलं नाही.

तर काकांच्या त्या रुपयाचा आवाज ऐकून मला राहवेना. म्हटलं, "माझ्याकडे पण आहे. आमच्या आईचा. थांबा, कसा बोलतो बघा." पुरचुंडी अजून पर्समध्येच होती. गाठ घट्ट, दातांनी सोडवली. लादीवर टाकला.

टप.

मला वाटलं, वाकडा पडला असेल. पुन्हा टाकला. टप. काकांनी तो उचलला, छोट्या काट्यावर ठेवला. असा रुपया तोळाभर भरतो, हा भरला नाही. मग भिंग लावून कडा बघितली. "ताई, हा टांकसाळीत ठोकलेला नाही, साच्यात ओतलेला आहे. आत कथिल असेल, वर चांदीचं पाणी दिलंय. कुठून घेतलात?"

"घेतला नाही. भावाने दिला."

माझ्याबरोबरचे दोघं लगेच शेजारच्या कपाटात काहीतरी बघायला लागले. काका भला माणूस, म्हणाले, "असं होतं हो. कधी मागच्या पिढीतच कुणीतरी फसवलेलं असतं, घरच्यांना पत्ताच नसतो." मी मिनिटभर तेच धरून राहिले. आजीलाच कुणी फसवलं असेल. सराफाने. कुणीही, फक्त दादा नको.

पण मी तो आवाज ऐकला होता ना. दर दिवाळीला, लग्न होईपर्यंत. आणि दाढीच्या खाचांत लाल कुठे होतं? राजा स्वच्छ होता. फक्त मधोमध कुंकवाचं एक बोट होतं, ताजं. कुणीतरी बाजारात जाऊन खोटा रुपया शोधला, आणला, आणि मला संशय येऊ नये म्हणून त्याला कुंकू लावलं. ते कुंकू बघून माझं डोकंच फिरलं. अरे, देवाला तरी घाबरायचं!

जिन्यात येऊन फोन लावला. तोवरही मी मनात त्याच्यासाठी सबबी शोधत होते. म्हटलं, "दादा, आईचा रुपया..."

"का? कुणाला दाखवलास काय?"

बस. पुढे विचारायला काही उरलंच नाही. खाली लेथ चालू होतं.

मग दादाच म्हणाला, "गो बाय, ऐक ना. रागावू नको. पिढीजात लक्ष्मी आहे ती. नवीन घरात जातोय आम्ही, पोरांचं सगळं व्हायचंय अजून. घरची लक्ष्मी अशी बाहेर द्यायची नसते."

"बाहेर म्हणजे?"

"आता तू तिकडची ना. तुला आठवण पाहिजे होती, आठवण दिली की."

मी फोन कट केला. काकांनी नंतर सांगितलं, तसला खरा रुपया बाजारात फार तर एका बऱ्या साडीच्या भावाला जातो. म्हणजे लोभ म्हणावा तर तोही नव्हता. घर त्याने माझ्याकडून मागून घेतलं, मी हसत दिलं. लोभाला मी माफ केलं असतं, खरंच केलं असतं, पोटच्या पोरांसाठी माणूस करतो. पण आईच्या घरातून एक रुपया बाहेर जाताना त्याला वाटलं की नशीब परक्याकडे चाललंय. आणि ती परकी मी! शेवटच्या आजारपणात आठ महिने आईचं अंग कोण पुसत होतं? तेव्हा मी तिकडची नव्हते का?

त्या लक्ष्मीपूजनाला मी पतपेढीतून आणलेलं दहाचं नाणं मांडलं. लेकीने विचारलं, आजीचा रुपया कुठाय? मी म्हटलं, मामाकडे.

भाऊबीजेला दादा आला. दरवर्षीसारखा, मिठाईचा बॉक्स घेऊन, नवा शर्ट घालून. नवरा आत येऊन हळूच म्हणाला, सणाचं आहे, सोड ना. मी म्हटलं, ओवाळणार आहे मी, काळजी नको. तबकात निरांजन, सुपारी, अंगठी ठेवली, आणि शेजारी तो रुपया. दादाने तो बघितला. मान खाली घातली. मी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं, काही कमी केलं नाही. त्याने खिशातून पाचशेची नोट काढून तबकात ठेवली.

मी तबक खाली ठेवलं आणि ती नोट उचलून ट्यूबलाइटसमोर धरली. तार बघितली. तिरकी करून हिरव्याची निळी होते का ते बघितलं. अंगठा फिरवला.

"माझी पण बघतेस?" दादा म्हणाला.

"काउंटरवर सगळे सारखे, दादा."

नोट खरी होती. मी ती ठेवून घेतली, त्याला फराळाची बशी दिली. त्याने अर्धी करंजी खाल्ली, पाणी प्यायला, आणि उठला. दारात चपला घालताना म्हणाला, "येतो गं." इतकी वर्षं मी त्याला जिन्याच्या वळणापर्यंत ओरडून सांगायचे, ये रे, लवकर ये.

मी "बरं" म्हटलं आणि दार लावून घेतलं.