सहा रिकामी पोती

आमची आत्या एकवीस वर्षं कुत्र्या-मांजरांचं खाणं बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी करते आणि तिच्या घरी ना कुत्रा आहे ना मांजर. कुणी विचारलंच तर म्हणते, "दिवसभर त्यांचंच जेवण बघते. घरी तरी माणसांत राहू दे." तिच्या घरात माणसं म्हणजे ती एकटीच, पण हे तिला तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही.

तिचं काम माल उतरवायच्या ओट्यावर. परदेशातून मांसाची पूड, हाडांची भुकटी, वाळवलेलं फुप्फुस असलं काहीबाही पोत्यांतून येतं. ते ट्रकमधून खाली आलं की आधी आत्याच्या हाताखालून जातं. पोत्यावर शिवलेल्या चिठ्ठीवरचा लॉट नंबर आणि सोबतच्या दाखल्यावरचा नंबर ती बोट ठेवून ताडून बघते. माल किती वेळ, किती आचेवर शिजवला, ते तिकडच्या सरकारी डॉक्टरनं लिहून शिक्का मारलाय का, तेही बघते. मग टोकदार नळी पोत्यात खुपसून नमुना काढते, तळहातावर घेते आणि हुंगते. एक आकडा इकडचा तिकडे असला तर अख्खा ट्रक उन्हात उभा. ड्रायव्हर लोक तिला पाठीमागे 'चाळणी' म्हणतात. तिला ते माहीत आहे आणि मनातून आवडतंही.

आणि अशा बाईच्या हातून ते झालं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

कारखान्याचा नियम असा की रिकामं पोतं भट्टीत जाळायचं. आणि रिवाज असा की चांगलं पोतं जाळायचं नाही. बाहेरून जाड वीण, आतून प्लॅस्टिकचं अस्तर, दुहेरी शिलाई. असलं पोतं आगीत टाकायला कुणाचा हात धजणार? ओट्यावरची मंडळी ती घडी घालून घरी न्यायची. कुणी त्यात माती भरायचं, कुणी गळक्या छपरावर टाकायचं. व्यवस्थापक बघायचे आणि न बघितल्यासारखं करायचे. वर्षानुवर्षं सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. माल तपासताना डोळ्यांत तेल घालून बसणारी आत्या, पोतं रिकामं झालं की त्याच्याकडे नुसतं कापड म्हणून बघायची. माल गेला, काळजी गेली, असं तिचं सरळ गणित.

तर अशी सहा पोती घेऊन ती आमच्याकडे आली. आमच्याकडे म्हणजे बाबांकडे, तिच्या धाकट्या भावाकडे. वस्तीच्या कडेला आमचा गोठा आहे, दोन वासरं धरून अकरा जनावरं. थंडी पडली होती, वासरांखाली काहीतरी अंथरायला हवं होतं. "आधी स्वच्छ धुऊन घे गं," असं आत्यानं आईला दोनदा बजावलं, कारण स्वच्छतेच्या बाबतीत ती कुणाची भीड ठेवत नाही. आईनं धुतली. पाण्याची नळी हौदाजवळ, म्हणून हौदाच्या काठावर टाकून घसाघसा घासली, आणि ते पाणी गेलं हौदात. त्याच हौदाचं पाणी आमच्या गाई पितात. न धुता अंथरली असती तर निदान दोन वासरांपुरताच प्रश्न राहिला असता. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

आठवडा गेला आणि कारखान्यात पशुखात्याच्या अधिकारी मॅडम आल्या. ज्या देशातून तो माल आला होता, तिथल्या एका भागात लाळ्या-खुरकूत निघाल्याची खबर होती. हा जनावरांचा रोग. तोंडात आणि खुरांच्या बेचक्यात फोड येतात, लाळेच्या तारा लोंबतात, जनावर लंगडतं, खाणं सोडतं. दूध पिणाऱ्या माणसाला त्याची भीती नाही, कुत्र्या-मांजरांना तर नाहीच. पण बुटाच्या तळव्याला, कपड्याला, पोत्याला चिकटून तो एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जातो. आम्ही राहतो त्या देशात तो चाळीस वर्षांत कुणी बघितला नव्हता आणि म्हणूनच कायदा कडक. एका जनावराला निघाला की गोठ्यातली सगळी मारायची. मग आजूबाजूच्यांचीही.

"हा लॉट तिकडे नीट शिजवला होता की नाही, याची शंका आहे," मॅडम म्हणाल्या. भरलेली पोती गोदामातच होती, त्यांना सील लागलं. जो माल वापरला गेला तो आपल्या कारखान्यात पुन्हा कडक शिजला होता, त्याची चिंता नव्हती. मग त्यांनी विचारलं, "आणि रिकामी पोती?"

"जाळली," व्यवस्थापक म्हणाले.

ओट्यावर सात माणसं उभी होती आणि सातही जण आपापल्या बुटांकडे बघत होते. मॅडमनी कागदावर 'जाळली' असं लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि त्या गाडीकडे निघाल्या. आत्या सांगते, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे आमचा हौद दिसत होता. ती गाडीपर्यंत चालत गेली (धावले नाही, हे ती मुद्दाम सांगते), खिडकीशी वाकली आणि म्हणाली, "मॅडम, ते खोडा. सहा माझ्या भावाच्या गोठ्यात आहेत."

काट्यावर वजन करणारा तिचा जुना सहकारी नंतर तिला म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण. कोण विचारत होतं तुला?" त्याच्याकडेही चार पोती होती.

मॅडमची गाडी थेट आमच्या दारात. मी फाटकाशी होते. पांढरे कपडे, पायांत रबरी बूट आणि सोबत जनावरांचे डॉक्टर बघून माझ्या तोंडचं पाणीच पळालं. बाबांना बहिणीच्या पोत्यांची गोष्ट कळली ती अशी, परक्या बाईच्या तोंडून, उभ्या उभ्या. आणि नेमकी त्याच सकाळपासून आमची तांबू गाय लाळ गाळत होती. काहीतरी टोचलं असेल म्हणून बाबांनी सोडून दिलं होतं. डॉक्टरांनी तिचा जबडा उघडला. जीभ सुजलेली, खाली लालबुंद. ते बराच वेळ बघत राहिले.

"काय आहे?" बाबांनी विचारलं.

"आत्ता काही सांगत नाही," डॉक्टर म्हणाले. डॉक्टरनं असं म्हटलं की माणसाची पाचावर धारण बसते, हे त्यांना कॉलेजात शिकवत नसावेत.

अकराही जनावरांचे नमुने गेले. पोती बंद पिशव्यांत गेली. हौद उपसला. फाटकाला सरकारी चिठ्ठी लागली, आणि खाली औषधी पाण्याचं घमेलं. जाता-येता त्यात बूट बुडवायचे. दूध काढायचं, कारण गाईला चिठ्ठी वाचता येत नाही, आणि काढलेलं सगळं खड्ड्यात ओतायचं. बाबा स्वतः ओतायचे. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. आई हौदाकडे बघून पुटपुटायची, "मी धुतली नसती तर."

पाचव्या दिवशी पहिला निकाल आला. काही निघालं नव्हतं. त्याच दिवशी तांबूची सूज उतरली आणि डॉक्टरांना तिच्या जिभेखाली रुतलेलं बोटाएवढं कुसळ सापडलं. मला नाचावंसं वाटलं. पण डॉक्टर म्हणाले, "रोग अंगात दबा धरून बसतो. पुन्हा नमुने घेऊ. ते साफ आले तरच सुटलात." म्हणजे तांबूचा काटा निघाला आणि आमचा तसाच राहिला.

या सगळ्या दिवसांत आत्या रोज कामाची पाळी सुटली की यायची. आत नाही. रस्त्याच्या पलीकडे, बंद दुकानाच्या पायरीपाशी उभी राहायची, कारण तिच्या बुटांचा तिला भरवसा नव्हता. तिथूनच विचारायची, "खाल्लं का सगळ्यांनी?" आई फाटकातून ओरडून सांगायची, "खाल्लं." आत्या मान हलवायची आणि निघून जायची. बाबा एकदाही बाहेर आले नाहीत. बहिणीचा आवाज ऐकू आला की गोठ्यात फावड्याची खरखर वाढायची.

खरं सांगते, मलाही तिचा राग आला होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांतला एकेक आकडा पकडणारी बाई, आणि आपल्याच भावाच्या गोठ्यात न बघता पोती आणून टाकते. मी दोन दिवस तिच्याकडे बघून हातही हलवला नाही. मग कारखान्यातून बातमी आली. आत्यानं तोंड उघडल्यावर काट्यावरचा माणूस मॅडमकडे गेला, मग दुसरा, मग सगळेच. एकूण सत्तावीस पोती निघाली. त्यांतली पाच एका डुकरं पाळणाऱ्याकडे होती, दोनशे डुकरं. त्याच्या फाटकालाही चिठ्ठी लागली. ती पोती तशीच तिथे राहिली असती तर, असा विचार मनात आला आणि माझा राग जागीच थंड झाला. त्या संध्याकाळी मी आत्याला हात हलवून दाखवला. तिनं लगेच हलवला, जणू हात वर धरूनच उभी होती.

अकराव्या दिवशी दुपारी डॉक्टरांचा फोन आला. बाबांनी ऐकलं, "बरं" म्हणाले, मग पुन्हा "बरं" म्हणाले आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसले. "काय म्हणाले?" आईनं विचारलं. बाबांना बोलता येईना. ते रडत होते आणि हातानं 'नाही, नाही' करत होते, त्यामुळे क्षणभर आमचा उलटाच समज झाला. शेवटी शब्द फुटले. सगळं साफ होतं. आमचंही, डुकरांचंही. पोत्यांतही काही सापडलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. आई तिथंच शेणात बसकण मारून हसायला लागली.

आत्या नेहमीच्या वेळेला आली. या वेळी बाबा फाटकाबाहेर गेले आणि रस्ता ओलांडून तिच्यासमोर उभे राहिले. मी मागोमाग गेले.

"ताई, साफ आलं."

"सगळ्या अकरांचं? का एकट्या तांबूचं?"

"सगळ्या अकरांचं."

आत्या पायरीवर बसली. डोळे पुसले, नाक पुसलं, पुन्हा डोळे पुसले. बाबा तिच्या शेजारी टेकले. दोघंही आमच्या फाटकाकडे बघत होते.

"पोत्यांचा राग नव्हता मला," बाबा म्हणाले. "मीही आणली असती. पण त्या मॅडमना सांगायच्या आधी मला एक फोन करायचास. सख्खा भाऊ मी. माझ्या दारात गाडी उभी राहिली तेव्हा कळलं मला."

"केला असता," आत्या म्हणाली. "फोन हातात होता माझ्या. पण तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, ताई, गप्प बस. आणि तू म्हणालास म्हणून मी बसले असते."

बाबा हळूच म्हणाले, "म्हणालो असतो." आणि उठून, तिच्या दंडाला धरून, तिला घरात घेऊन आले.